टाकीत हवा, जाकिटात हवा

या मंडळी, असे लांब खांबाला टेकून बसू नका. पुढं सरका, गुडघ्याला गुडघा लागू द्या. कीर्तनात पुढं बसतो तो ऐकतो आणि मागं बसतो तो डुलक्या काढतो, हा जुना अनुभव आहे. आजची कथा श्वासाची आहे. श्वास म्हणजे देवाच्या नामासारखाच. फुकट मिळतो, म्हणून चालू असेतोवर कुणी त्याची विचारपूस करत नाही. एका माणसाच्या अंगाखांद्यावर हवाच हवा होती आणि तरी त्याला श्वास मिळाला नाही. कुणी अडवला तो? याचं उत्तर उठायच्या आधी तुमच्या पदरात पडेल, हा शब्द.

१

सत्त्याण्णव सालचा दसरा होऊन दोन दिवस झाले होते. बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या दारात दुपारी साडेबाराला जीप येऊन थांबली आणि मागच्या बाकावरून चौघांनी एक ओला माणूस उचलून आत आणला. ओठ निळे, नाकातोंडाशी गुलाबी फेस.

डॉक्टर प्रमोदिनी हात धूत होत्या, त्या तशाच धावल्या. प्रमोदिनीताई भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी पेशंटच्या उशाला बसायचं आणि त्याचा श्वास त्याच्या वतीनं सांभाळायचा, हे काम त्यांनी वीस वर्षं केलेलं. बसमध्ये शेजारी कुणी झोपलं तरी त्याचे श्वास नकळत मोजले जायचे.

अर्ध्या तासात घशात नळी गेली, श्वासाचं यंत्र लागलं. डावं फुप्फुस फाटून हवा छातीत शिरली होती, ती काढायला बरगड्यांमधून दुसरी नळी गेली. मग कुठं ताईंनी विचारलं, "कोण हे? झालं काय?"

तो जोतीराम. इंदापूर तालुक्यातल्या उजनीच्या काठचा. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. जोतीराम त्याच कोकणच्या पलीकडल्या समुद्रात नौदलाचा पाणबुड्या झाला. पंधरा वर्षांची नोकरी करून परतला तो मुंबईहून पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन जुने संच घेऊन. धरणाच्या फुगवट्यातून उसाला पाणी उचलणाऱ्या मोठ्या विहिरी असतात, जॅकवेल म्हणतात त्यांना. त्यांच्या तळाशी, धरणाच्या पाण्याकडल्या अंगाला, लोखंडी जाळी असते. जलपर्णी आणि गाळ अडकला की पाणी येईनासं होतं. मग जोतीराम आणि त्याचा आत्तेभाऊ दादासो चाळीस फूट खाली उतरून जाळी मोकळी करायचे. आज सकाळीही तेच काम होतं.

हे सगळं सांगत होते ते मोहनराव, गावच्या उपसा योजनेचे चेअरमन. पांढरे कपडे, मनगटावर पितळी कडं.

ताई ऐकत होत्या आणि चादर सारखी करत होत्या. उजव्या घोट्याशी त्यांचा हात थांबला. कातडीवर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. काळानिळा, ताजा. कुणीतरी हा पाय पाण्याखाली जीव खाऊन धरला होता.

मोहनराव खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, पाण्यात दोघंच होते. एक असा आलाय. दुसऱ्याला साधी शिंकसुद्धा नाही."

२

जोतीरामच्या अंगावरून उतरवलेला संच व्हरांड्यात भिंतीशी ठेवला होता. ताईंनी असलं सामान कधी पाहिलं नव्हतं. मोहनरावांनी ओळख करून दिली.

"ही पाठीवरची टाकी. हे जाकीट. बटण दाबलं की टाकीतली हवा जाकिटात शिरते, माणूस वर उचलला जातो. दुसरं बटण दाबून हवा सोडली की खाली. आणि हे दोन रेग्युलेटर, तोंडात धरायचे. काळा रोजचा. पिवळा जादाचा. काळा बिघडला, नाही तर जोडीदाराची हवा संपली, तर पिवळा. छातीवरच अडकवलेला असतो."

"काळ्याचा रबर कुठं आहे?"

काळ्या रेग्युलेटरला दातांत धरायचा रबरी तुकडा नव्हता. ओरबाडून निघाला होता आणि तिथं नायलॉनचा एक हिरवा धागा गुंतला होता.

"तेच म्हणतो मी. ओढून काढलाय कुणीतरी."

"मग त्यानं पिवळा घेतला असता."

"घेतला असता तर ही वेळ आली नसती. हा बघा, ठणठणीत." मोहनरावांनी टाकीची चावी सोडून पिवळ्याचं बटण दाबलं. हवा फस्सकन बाहेर आली. त्यांनी तोंडाला लावून दोन श्वासही ओढून दाखवले. ताईंनीही ओढून पाहिले. गोड, गार हवा. टाकीवरचा काटा अर्ध्याच्या वर होता. जाकीट अजून तट्ट फुगलेलं होतं.

ताई त्या सामानाभोवती दोनदा फिरल्या. टाकीत हवा, जाकिटात हवा, पिवळ्यात हवा. मग माणसाला का नाही?

"मोहनराव, एक स्पष्ट विचारते. खाली माणसं असताना मोटार सुरू झाली तर?"

"जाळीला चिकटून बसतील. पण आज वीजच नव्हती. सात ते एक लोडशेडिंग. सणसरपासून उजनीपर्यंत कुणालाही विचारा." मग आपणहूनच म्हणाले, "एकदा झालं होतं माझ्याकडनं तसं. जोतीरामनं मला सगळ्या गावादेखत शिव्या घातल्या होत्या. ते तुम्हाला कुणी सांगायच्या आत मीच सांगतो."

दाराशी एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. होडीवाला तात्याबा. त्यानंच जोतीरामला पाण्यातून ओढून होडीत घेतलं होतं.

"त्यो हिरवा धागा माज्या जाळ्याचा हाय, बाई. जाळीजवळ मासा लई घावतो. जोतीनं दोनदा कापून टाकलं जाळं, म्या तिसऱ्यांदा लावलं. आता घाला मला तुरुंगात."

"तुरुंगाचं नंतर बघू. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, तात्याबा."

"बूच उडतंय बगा बाटलीचं, तसा आला वर. कमरंपत्तर भाईर. तोंड गच्च मिटल्यालं, गाल फुगल्यालं. म्या म्हटलं थट्टा करतोय. मग तोंड उघडलं आन रगात आलं."

"पिवळा कुठं होता?"

"लोंबत व्हता."

"आणि दादासो?"

तात्याबानं टोपी चुरगाळली. "त्यो पाच मिंटांनी आला. निवांत. तंबाकू मळत यावं तसा."

३

दादासो दवाखान्याच्या जिन्यावर एकटाच बसला होता. तिशीतला गडी, दांडगे खांदे, आणि ते खांदे आत्ता कुणीतरी वरून दाबल्यासारखे. चार पायऱ्या वर जोतीरामची आई गोजराबाई बसली होती. मामी आणि भाचा, पण दोघांमधल्या त्या चार पायऱ्या कुणी ओलांडत नव्हतं.

ताई सरळ त्याच्या शेजारी टेकल्या. "पाय तू धरलास?"

"व्हय. म्याच धरला."

वरच्या पायरीवर गोजराबाईनं पदर तोंडात कोंबला.

"का?"

"सांगून कोण ऐकतंय, डॉक्टरीणबाई. दसऱ्याला आमची भांडणं झाली. जाकिटाची हवा न तपासता उतरलो म्हणून भावानं चारचौघांत मला मेंढरू म्हटलं. म्या त्याला सोनं द्यायलासुदिक गेलो न्हाय. आता मी काय बी सांगितलं तरी लोकं त्येच धरून बसणार."

"मी भांडण विचारलं नाही. पाय का धरला?"

तो बोलू लागला तसे त्याचे हात पाण्यात असल्यासारखे हलू लागले. जाळीजवळ जोतीराम मागं वळला आणि काळा रेग्युलेटर जाळ्यात अडकून तोंडातून निसटला. घाबरला नाही. असं होतं कधी कधी. त्यानं छातीवरचा पिवळा घेतला, तोंडात धरला, फुंकून आतलं पाणी काढलं, श्वास ओढला. आणि डोळे पांढरे झाले. पुन्हा फुंकलं, पुन्हा ओढला. मग पिवळा फेकून दिला आणि जाकिटाचं बटण दाबलं.

"मी माजा पिवळा काढून त्याच्याकडं झेपावलो. तवर त्यो वर सुटला. म्हणून पाय धरला. त्यानंच शिकवलंय मला, जाकीट फुगवून सुसाट वर जायचं न्हाय. वर जाता जाता पाणी हलकं हुतं, आतली हवा फुगती. तोंड उघडं ठेवायचं, श्वास सोडत सोडत हळू यायचं. त्यानं तोंड मिटलं व्हतं. माज्या हातनं पाय सुटला."

"आणि तू पाच मिनिटं लावलीस."

"मी पन सुसाट आलो असतो तर तात्याबानं एकट्यानं कुणाकुणाला होडीत घ्यायचं? दोघं बी आडवं झालो असतो."

ताईंच्या डोळ्यांपुढं फाटलेलं फुप्फुस होतं आणि कानात तात्याबाचे फुगलेले गाल. विहिरीच्या तळाशी तोंड बांधलेला फुगा, वर येईल तसा मोठा होत जाणारा. बुडवायला धरलेल्या माणसाच्या छातीत पाणी सापडतं. सुसाट वर सुटलेल्याची छाती फाटते. हा पोरगा खरं बोलत होता.

"पण पिवळा चालतोय, दादासो. मी स्वतः त्यातून श्वास घेतलाय."

"तितंच तर घोडं अडलंय," तो म्हणाला. "मोहनरावांनी समद्यास्नी दाबून दाखवला. त्यो चालतोय म्हणजे मी खोटा. परवा फौजदार जबाब घ्यायला येणार हाय. त्याच्या आत काळ्याचा रबर त्या जाळ्यातनं काढून आणतो. निदान जाळ्यानंच ओढला एवढं तरी लोकांस्नी दाखवता येईल."

"म्हणजे पुन्हा उतरणार? कधी?"

"उद्या. जाळी बी अर्धीच निघालीय, मोहनराव घाईला आल्यात. नऊला उतरतो."

"जोडीला कोण?"

दादासोनं वर, जिथं भाऊ यंत्रावर पडला होता त्या खिडकीकडं पाहिलं. "जोडीदार हितं हाय की."

एवढ्यात आतून नर्सनं हाक मारली, जोतीरामचा रक्तदाब घसरला होता. ताई धावल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा जिना रिकामा होता. दादासो इंदापूरच्या एसटीनं निघून गेला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सातलाच दवाखान्यात होत्या. जोतीरामचा ताप उतरला होता, डोळे मात्र मिटलेलेच. ताईंना बसवेना. एका हातातलं पेन दुसऱ्या हातात जात होतं, चहा तीनदा गार झाला.

शेवटी रोजचं काम तरी करावं म्हणून त्या भूल द्यायच्या यंत्राशी गेल्या. ऑपरेशन असो नसो, सकाळी यंत्र तपासायचं, हा नेम देवपूजेसारखा. हवेचा आवाज येतो म्हणून त्यांनी कधी यंत्रावर विश्वास ठेवला नव्हता. यंत्रात अभ्रकाच्या पातळ झडपा असतात. श्वास एका वाटेनं आत यावा आणि दुसऱ्या वाटेनं बाहेर जावा म्हणून. झडप नीट मिटली नाही तरी हवा वाहतेच, आवाज येतोच. बिघाड कळतो तो पेशंटला लावल्यावर.

त्यांचा हात झडपेवरच राहिला.

पिवळ्यालाही दोन वाटा असणार. टाकीतून आत येणारी एक, आणि सोडलेला श्वास बाहेर जाणारी दुसरी. बाहेरच्या वाटेची झडप उघडी राहिली तर? व्हरांड्यात काय फरक पडणार? थोडी टाकीची हवा, थोडी व्हरांड्याची. माणसाला कळणारसुद्धा नाही. पण पाण्याखाली त्या उघड्या वाटेनं व्हरांडा आत येत नाही.

"एक बादली आण," त्या आयाला म्हणाल्या. "काठोकाठ भरून."

व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक बघत राहिले आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसून, पिवळा रेग्युलेटर दातांत धरून, बादलीत तोंड बुडवून बसल्या. श्वास सोडला. बुडबुडे. मग ओढला.

पाणी सरळ घशात गेलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. दम येताच त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पाणी.

दादासो खोटा नव्हता. पिवळा जमिनीवर चालत होता आणि पाण्यात माणूस बुडवत होता.

खालच्या बाजूचं रबरी आवरण त्यांनी ओढून काढलं. आत रुपयाएवढी पातळ रबराची झडप. तिची कड एका जागी उचललेली होती. ताईंनी चिमटा घातला आणि कडेखालून काहीतरी ओढून काढलं.

पाण्यानं फुगलेला तांदळाचा दाणा. लाल. कुंकवात भिजवलेला.

५

खडा असता, गाळ असता, तर ताईंनी मोहनरावांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं असतं. पण कुंकवातला तांदूळ म्हणजे अक्षत. अक्षत आपली आपण उडून जात नाही. ती कुणीतरी हात जोडून वाहतं.

गोजराबाई लेकाच्या खोलीबाहेर बाकावर बसून जपमाळ ओढत होती. ताई तिच्याजवळ बसल्या. काय विचारायचं ते कळत होतं, कसं विचारायचं ते नाही.

"मावशी, खंडेनवमीला जोतीरामच्या सामानाची पूजा केली होती का?"

म्हातारीचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. "केली तर. आमच्यात पयलं कातर पुजायचो, मेंढरं कातरायची. आता कातर राहिली न्हाय, मग ज्यानं लेक पोट भरतो ते पुजायचं. जाकीट मांडलं, टाकी मांडली, झेंडूची माळ घातली."

"आणि ते काळं, तोंडात धरायचं?"

"छ्या. ते उष्टं की वो. रोज तोंडात घालतो. देवापुढं उष्टं कसं मांडायचं? ते पिशवीतच ठेवलं. पिवळं मात्र कोरं व्हतं. कुणाच्या तोंडाला लागल्यालं न्हाय, आन रंग बी भंडाऱ्याचा. म्हटलं देवानंच धाडलंय. त्याच्याच तोंडात वंजळीनं अक्षता वाहिल्या. म्हटलं, बिरोबा, जवा कुणी न्हाय तवा तू हाय." तिची नजर ताईंच्या मिटल्या मुठीकडं गेली. "का वो?"

"आणि उतरायच्या आधी जोतीराम पिवळा तोंडाला लावून बघतो ना?"

"पयलं बघायचा. परवा म्याच म्हटलं, पुजंतलं हाय, उगा उष्टं करू नगंस, लागलं तरच घे. हसला. पर ऐकलं माजं." म्हातारीच्या बोटांत मणी थांबला होता. "डॉक्टरीणबाई, का इचारताय?"

ताईंनी मूठ उघडली. तळहातावरचा लाल दाणा गोजराबाईनं बराच वेळ पाहिला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ह्यो?" ती म्हणाली.

"झडपेखाली अडकला होता. फुंकून पाणी काढलं तेव्हा हा बाहेरच्या वाटेवर जाऊन बसला असणार."

गोजराबाई रडली नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम वेगळाच आला. "दोनी संच मांडलं व्हतं. दादासोचं बी. त्याच्या बी पिवळ्यात माज्याच हातच्या अक्षता हायत्या. आन त्यो नवाला उतरणार हाय."

आठ वाजत आले होते. योजनेच्या कचेरीतला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सगळी माणसं विहिरीवर असणार. ताईंनी दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती जोतीरामला सोपवलं आणि अँब्युलन्सची किल्ली मागितली.

६

सणसर मागं पडलं, लासुर्णे मागं पडलं. निमगाव केतकीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं पाच मिनिटं गेली आणि त्या पाच मिनिटांत ताईंनी ड्रायव्हरला दहा वेळा हॉर्न द्यायला लावला. गोजराबाई पुढच्या काचेकडं बघत बसली होती.

"माज्या हातनं झालं," ती म्हणाली.

खोटं बोलायची ताईंची तयारी होती, पण त्या म्हातारीपुढं जीभ वळेना. "हात तुमचा होता, मावशी. पण पिवळा तपासायचं काम जोतीरामचं होतं. अडचणीला ठेवलेली वस्तू अडचण यायच्या आधी वापरून बघायची असते. कोरी ठेवली तर ती शोभेची झाली."

म्हातारी मान हलवत राहिली. ते तिला पटलं की नुसतं ऐकू आलं, कळलं नाही.

विहिरीवर पोचायला सव्वानऊ झाले. काठावर माणसं, मोहनराव छत्री धरून, आणि पाण्यावर तात्याबाची होडी. होडीच्या पुढं बुडबुड्यांची एक रांग पाण्यावर येऊन फुटत होती.

"वर बोलवा त्याला," ताई जीपगाडीच्या टपावरचा भोंगा असल्यासारख्या ओरडल्या.

"कसं बोलवायचं? खाली ऐकू जातं का?" मोहनराव म्हणाले. "पंधरा मिनिटांत येईलच. रबर सापडला की..."

गोजराबाई त्यांच्या अंगावरूनच पुढं गेली. विहिरीच्या भिंतीवरून पाण्यात उतरलेला मोटारीचा जाड लोखंडी पाईप होता. जवळ पान्हा पडला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि पाईपवर हाणला. ठण. ठण. ठण. थांबली. पुन्हा तीन.

"जोतीनं ठरवल्यालं हाय," ती धापा टाकत म्हणाली. "तीन ठोकं म्हंजी काम टाकून वर."

बुडबुडे जागच्या जागी येत राहिले. मग हलले. जाळीकडून काठाकडं. पण वर कुणी येईना. एक मिनिट. दोन. मोहनरावांनी छत्री मिटली. ताई बुडबुड्यांचे झुबके मोजत होत्या. प्रत्येक झुबका म्हणजे सोडलेला एक श्वास, म्हणजे तोंड उघडं आहे, म्हणजे पोरगा शिकवल्याप्रमाणं येतोय. चौदा. पंधरा. काल सगळ्या गावाला जे निवांत वाटलं होतं ते हेच, आणि त्यात किती धीर लागतो ते आज काठावर कळत होतं.

एकविसाव्याला दादासोचं डोकं वर आलं. मुठीत हिरव्या जाळ्याचा गुंता, आणि गुंत्यात काळा रबर.

"सापडला," तो तोंड मोकळं करून म्हणाला, आणि मग काठावर मामी दिसली तशी त्यानं मूठ खाली घेतली. त्याला वाटलं, ती वाईट बातमी घेऊन आलीय.

"भाऊ आहे तुझा," ताई घाईनं म्हणाल्या. "बाहेर ये. तुझा पिवळा तोंडात धर आणि उथळ पाण्यात एक श्वास घेऊन दाखव. एकच."

गुडघाभर पाण्यात तो वाकला. श्वास सोडला, ओढला, आणि खोकत, ठसकत वर आला. काठावरची माणसं पुढं सरकली. ताईंनी सगळ्यांसमोर रबरी आवरण काढलं. झडपेखाली एक लाल दाणा, आणि आत घरंगळत आणखी तीन.

मोहनरावांनी ते तळहातावर घेतले. "मी काल कोरड्या जमिनीवर बटण दाबून ह्या पोराला खोटा ठरवला," ते म्हणाले. "फौजदाराला मीच सांगतो." तात्याबानं दादासोच्या हातातला जाळ्याचा गुंता काढून घेतला, विळ्यानं त्याचे तुकडे केले आणि होडीत टाकले. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

दादासो मात्र दाण्यांकडं बघत नव्हता. तो मामीकडं बघत होता. सगळं कळून चुकलं होतं. आत्ता जर कुणी एक शब्द वावगा बोललं असतं, तर ती म्हातारी तिथंच विझली असती.

गोजराबाई पाण्यात उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तिनं भाच्याच्या हातून पिवळा घेतला, आत बोट घालून धुतला, एकदा, दोनदा, तीनदा. ताईंकडून झडप नि आवरण बसवून घेतलं. आणि मग, सत्तर वर्षांची ती बाई, तो रबर आपल्या बोळक्या हिरड्यांत धरून खाली वाकली आणि तिनं पाण्यात तोंड बुडवलं.

बुडबुडे आले. थांबले. पुन्हा आले. चार श्वास झाले तेव्हा तिनं डोकं वर काढलं. कपाळाचं कुंकू नव्हतंच, गोंदण तेवढं ओलं चमकत होतं.

"पानी न्हाय आलं," ती म्हणाली आणि पिवळा दादासोपुढं धरला. "घे. उष्टं केलंय म्या. देवाला कोरं द्यावं, बाबा. लेकराला चाखून द्यावं."

दादासोनं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि मामीच्या पायांना हात लावायला पाण्यातच बसला.

पाचव्या दिवशी जोतीरामच्या घशातली नळी निघाली. पहिला शब्द फुटला तो आईसाठी नव्हता. "दादासो आला का वर?" असं त्यानं विचारलं, आणि आल्याचं कळल्यावर पुन्हा झोपी गेला. पुढं दोघं भाऊ बरीच वर्षं उजनीच्या काठानं जाळ्या साफ करत फिरले. खंडेनवमी चुकली नाही; फक्त आता अक्षता सामानासमोर पाटावर पडायच्या. आणि प्रत्येक वेळी उतरायच्या आधी, बादलीभर पाण्यात, पिवळ्यातून पहिले चार श्वास गोजराबाई घ्यायची. ती गेली त्या वर्षापर्यंत.

मंडळी, आता उठा, हरिनाम घ्या आणि सावकाश घरी जा. पण एवढं मागणं आहे. उसाच्या शेताला पाटाचं पाणी सळसळत येताना कधी दिसलं, तर त्या काठच्या गोजराबाईला आठवा. चूक आपल्याच हातची होती हे कळल्यावर हात लपवून न बसता जी पाण्यात उतरली, तिला आठवा.